आधी हातोडा, मग डोकं

आपल्याकडे एखादी वस्तू अडकली की "का अडकली?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "घण कुठंय?" डब्याचं झाकण असो, सायकलचं पेडल असो, नाहीतर लेथचा चक असो. घण घालून एखाद्याने ती वस्तू सोडवली की आपण त्याची पाठ थोपटतो आणि मोडलेल्या तुकड्याकडे बघायचंही नाही असं ठरवून टाकतो. मला या सवयीचा मनापासून राग आहे आणि आज तो काढायचं ठरवलं आहे. निमित्त आहे चौसाळ्यातल्या एका जुन्या लेथवर अडकून बसलेल्या कॉलेट चकचं. विषय ऐकून पान बंद करू नका मंडळी, लेथ न पाहिलेल्यांनाही यात आपलं काहीतरी सापडेल.

आधी थोडं सांगतो. लेथवर लोखंडाचा तुकडा गोल फिरतो आणि हत्यार त्याला सोलत जातं. तो तुकडा धरून ठेवणारा जो पंजा असतो तो चक. तीन जबड्यांचा थ्री जॉ, चार जबड्यांचा फोर जॉ, हे सगळ्या वर्कशॉपात दिसतात. कॉलेट चक वेगळा. त्याला जबडे नसतात. आत चिरा पाडलेली एक पोलादी शंकूसारखी नळी असते, पुढचा नट आवळला की ती आवळते आणि सळईला सगळीकडून सारखी मिठी मारते. हजारो एकसारख्या छोट्या पिना, बुश, स्क्रू काढायचे तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. म्हणून कारखान्यांत तो लागतो. पण खेड्यात तो बिनकामाचा, कारण सर्वसाधारण कॉलेटमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा जाड सळई जातच नाही.

आता चौसाळा बघा. बीड तालुक्यातलं गाव, मांजरसुंब्याच्या पुढे, सोलापूर-धुळे महामार्गावर. इथल्या लेथवाल्याकडे काय काम येतं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन झिजली, बोअरच्या मोटरचा शाफ्ट गेला, टायरगाडीच्या आसाला नवा बुश पाहिजे, रोटाव्हेटरच्या फ्लॅंजचं तोंड घासायचंय. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तर बघायलाच नको. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, आणि जाण्याआधी प्रत्येकाला गाडी नीट करून पाहिजे असते. या कामांतलं एकही काम कॉलेटमध्ये बसत नाही, त्याला फोर जॉच लागतो. म्हणजे शहरातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला लेथ कुणी इथे आणला, आणि त्याच्या नाकावर कॉलेट चक घट्ट बसलेला असला, तर तो चक उतरेपर्यंत तो लेथ म्हणजे दीड टनाचं शोभेचं लोखंड.

उतरत का नाही? जुन्या पट्ट्याच्या लेथवर चक स्पिंडलच्या नाकावरच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, बाटलीच्या झाकणासारखा. आटे अशा दिशेचे असतात की काम करताना हत्यार जितका रेटा देईल तितका चक आणखी आवळतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे, नाहीतर कापता कापता चक सुटून अंगावर येईल. पण याचाच दुसरा अर्थ असा की दहा-पंधरा वर्षं एकदाही न उतरवलेला चक रोज थोडा थोडा घट्ट होत गेलेला असतो. बसवताना कुणी आटे पुसले नसतील तर लोखंडाचा कीस आत पाचरीसारखा बसतो. त्यात मशीन भंगारवाल्याच्या आवारात दोन पावसाळे उघड्यावर काढलेलं. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणजे आट्यांच्या फटीत तो फुगून बसतो. इतकं सगळं एकावर एक झाल्यावर चक हलत नाही यात नवल ते काय?

आणि यावर शेवटचा थर चढतो तो रंगाचा. जुनी मशीन विकणाऱ्यांचा हा रंग म्हणजे माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. स्पिंडल किती हलतं, बेड किती झिजलाय, गिअरचे दात शाबूत आहेत का, यातलं काही तपासायचं नाही. पण लांबी भरून, वर पोपटी नाहीतर करडा रंग मारून, मशीन नवरीसारखं नटवून उभं करायचं. घेणारा रंगावर भाळतो. त्या रंगाखाली काय काय बुजलं हे विकणाऱ्याला तरी माहीत असतं का, देव जाणे.

चौसाळ्यात माझ्या ओळखीच्या एकांनी असाच एक लेथ आणला. कुठल्या शहरातून, कुठल्या व्यापाऱ्याकडून ते सोडा. मी पोचलो तेव्हा चार दिवस झालेले, आणि चकभोवती पाच माणसं. एकाच्या हातात घण, एकाच्या हातात बोअरच्या पाइपाचा तुकडा, एक वेल्डिंगचं होल्डर घेऊन तयार. "काय करावं भाऊ, निघायलंच नाही," मालक म्हणाले. मी विचारलं, बॅक गिअर लावून ओढलंत का? तर म्हणे, लावला, कडाडकन आवाज झाला, मग सोडून दिलं. हेडस्टॉकचं झाकण उघडून पाहिलं तर दोन दात गायब.

हा बॅक गिअरचा प्रकार जरा समजून घ्या, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या लेथांची वाट याच एका प्रकाराने लागली असावी असा माझा अंदाज आहे. पट्ट्याच्या लेथमध्ये स्पिंडल दोन तऱ्हेने फिरतं. एक म्हणजे पुलीशी पिनेने थेट जोडून, जलद. दुसरी म्हणजे पिन काढून, बाजूच्या गिअरांतून, सावकाश. आता पिन न काढताच गिअरही लावला, तर स्पिंडलला एकाच वेळी दोन वेगांनी फिर असं सांगितल्यासारखं होतं, आणि ते जागच्या जागी जाम होतं. चक काढायला स्पिंडल धरून ठेवावं लागतं, त्यामुळे ही युक्ती फार सोयीची वाटते. गावोगावचे उस्ताद ती शागिर्दांना मोठ्या अभिमानाने शिकवतात.

हिशेब कुणी करत नाही. चकवर एक मीटरचा पाइप लावलाय आणि साठ किलोचा माणूस त्याच्या टोकाला लोंबकळतोय असं धरा. आतल्या मोठ्या गिअरची त्रिज्या शंभर मिलिमीटर धरा. म्हणजे दहा पट. सहाशे किलोचा भार एका, फार तर दोन दातांवर! हा झाला शांतपणे लोंबकळण्याचा हिशेब. त्याने हिसका मारला, वरून दुसऱ्याने घण घातला, तर किती पट होईल ते तुम्हीच ठरवा. आणि दात कशाचे? बिडाचे. बीड म्हणजे दाब सोसणारं पण हिसका न सोसणारं लोखंड. (बीड जिल्ह्याशी या बिडाचा काही संबंध नाही, पण बीडच्या माणसाबद्दलही हेच म्हणता येईल, असा एक विनोद मला सुचला होता. असो.)

दात गेले म्हणजे काय गेलं? लेथचा सावकाश वेग गेला. मोठ्या व्यासाचं तोंड घासणं गेलं, जाड आटे पाडणं गेलं, बिडाचं काम गेलं. म्हणजे ज्या कामांसाठी लेथ आणला तीच गेली. आता ती कामं बीडला पाठवायची, त्यासाठी गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबवायचं, आणि व्यापाऱ्याच्या हप्त्याचे पैसे मात्र दर महिन्याला भरायचे. नवा गिअर बाजारात मिळेल म्हणाल, तर या वयाच्या मशीनचे कारखाने कित्येकदा राहिलेलेच नसतात. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर, १९४१ सालापासून लेथ बनवणारा कारखाना, बंद पडून वीस वर्षांहून जास्त झाली. त्याचे लेथ अजून गावोगाव चालतात, सुटे भाग शोधायचे भंगारात. चौसाळ्यातला लेथ तर कुणी बनवला याची पाटीही नव्हती.

मी वेल्डिंगवाल्या पोराला थांबवलं आणि पत्र्याच्या पट्टीने चकच्या मागच्या प्लेटवरचा रंग खरवडायला सांगितलं. रंगाखाली लांबी, लांबीखाली गोल खळगा, खळग्यात ग्रब स्क्रू. प्लेट हाताने फिरवली, पलीकडे दुसरा. कारखान्यात कधीतरी या लेथवर उलटसुलट फिरवून आटे पाडायचं काम होत असणार. आट्यांवर बसवलेला चक उलट फिरवला तर सुटतो, म्हणून तिथल्या शहाण्या माणसाने दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून तो बांधून ठेवला होता. पाच माणसं चार दिवस त्या दोन स्क्रूंशी कुस्ती खेळत होती, आणि दात मोडला तो गिअरचा!

आता कुणी म्हणेल, हे नशिबाचं झालं, दर वेळी स्क्रू सापडत नाही. खरं आहे. पण बघायला तर काही पैसे पडत नाहीत? आणि बघायचं ते एवढंच नाही. चक आट्यांवर आहे की कॅमलॉकवर, हेही आधी पाहावं लागतं. कॅमलॉकचा चक आट्यांवर नसतोच, त्याच्या मुळाशी गोलाकार ओळीत चौकोनी खळगे असतात, किल्ली घालून प्रत्येक खिट्टी पाव-अर्धा फेरा फिरवली की चक हातात येतो. लांब टेपरचं नाक असेल तर मागे एक मोठी कडी असते, ती हुक पान्याने सोडवायची. तिन्हींना औषध वेगळं आणि तिन्हींना आपल्याकडे एकच घण.

स्क्रू काढल्यावरही आमचा चक लगेच निघाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गंज होताच. त्या संध्याकाळी आट्यांच्या तोंडाशी आणि स्क्रूच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं, आणि मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. काही न करता बसणं हे काम आहे यावर आपला विश्वास नाही. तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो, तो वेळ रात्री फुकट मिळतो.

दुसरी अडचण खास कॉलेट चकची. थ्री जॉ असता तर जबड्यांत एखादी पट्टी धरून तिच्यावर जोर देता आला असता. कॉलेट चक गोल, गुळगुळीत, धरायला जागाच नाही. कॉलेटमध्ये गोल सळई धरून फिरवावी तर ती घसरते आणि कॉलेट खराब होतं. म्हणून तर त्या पोराने चकलाच अँगल वेल्ड करायची तयारी केली होती! पाइप पान्याने धरलं तर दातांच्या खुणा उठतात. यावर उपाय जुना आहे, आणि तो चौसाळ्यातच होता. सुताराकडून बाभळीच्या दोन फळ्या आणल्या, चकच्या मापाचं भोक दोघींत अर्धं अर्धं पाडून घेतलं, आत जुन्या सपाट पट्ट्याचा तुकडा अस्तरासारखा लावला, दोन बोल्टांनी आवळलं. एक फळी लांब ठेवली, तिचाच दांडा झाला. लोखंडाला ओरखडा नाही आणि पकड अशी की सुटायचं नाव नाही.

मग मेन स्विच खाली केला. (हे सांगावं लागतं, कारण "जरा मोटर उलटी मारून बघू" म्हणणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतो, आणि तोच सगळ्यात धोकादायक.) चकच्या अंगाला उकळत्या पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळली, स्पिंडलच्या पोकळीत गार पाण्याचा बोळा. पन्नास मिलिमीटरचं भोक आतल्या नाकापेक्षा पन्नास अंशांनी जास्त तापलं तर जवळजवळ तीन शतांश मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांतला गंज फुटायला तेवढं पुष्कळ आहे. गॅसची लाल ज्योत लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यांना पाहिजे असतं तेवढं काम फडक्याने होतं. ज्योतीने वर आणखी स्पिंडलचं पाणी उतरतं, बेअरिंगचं ग्रीस जळतं, प्लेट वाकते ती वेगळीच.

लाकडी दांडा बेडवर ठेवलेल्या ओंडक्याला टेकवला आणि स्पिंडल हाताने, पट्टा ओढून, उलट्या बाजूला हिसके देत फिरवलं. जोर पट्ट्यातून दिल्याचा फायदा असा की मर्यादेबाहेर गेला तर पट्टा घसरतो, मोडत काही नाही. दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी फडकी बदलली, दांड्याच्या टोकाला लाकडी मोगरीचा एक नेमका टोला दिला आणि टक् असा आवाज आला. त्यानंतर चक हाताने फिरत बाहेर आला. हातोडा वापरलाच की, असं कुणी म्हणेल. वापरला. पण शेवटी वापरला, लाकडावर वापरला, आणि तो कुठल्या आट्याला किती लागणार हे कळल्यावर वापरला.

आत कॉलेटही अडकलं होतं, त्याचं थोडक्यात सांगतो. या जातीच्या कॉलेटचा उतार एकूण सोळा अंशांचा, तो आपणहून धरून राहत नाही. ड्रिलच्या मोर्स टेपरचा उतार जेमतेम तीन अंशांचा, म्हणून तो धरतो. मग हे का अडकलं? कारण कॉलेट आधी नटात टक् करून बसवायचं आणि मग नट चकवर फिरवायचा, म्हणजे नट सोडताना तोच कॉलेटला बाहेर ओढतो. आधीच्या कुणीतरी कॉलेट तसंच भोकात ढकलून वरून नट लावला होता. नट निघाला, कॉलेट आतच राहिलं. स्पिंडलच्या मागच्या बाजूने पितळी सळई घालून हलकेच ठोकलं, आलं.

आता मुद्द्याचं. हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, "साहेब, तुमचं बरोबर आहे, पण गावात एवढा वेळ कुणाला आहे? गिऱ्हाईक दारात उभं असतं." हा युक्तिवाद मला मान्य नाही, पण त्यातली अडचण मात्र खरी आहे. हंगामात ट्रॉली उभी राहिली तर एका कुटुंबाची उचल अडकते. मुकादम थांबत नाही. पण घाईने चार दिवस घेतले आणि सावकाशीने एक रात्र आणि एक सकाळ. घाई वेळ वाचवते हे कुणी, कधी मोजून पाहिलंय?

दुसरा युक्तिवाद जुगाडचा, आणि त्यावर माझा खरा राग आहे. २०१२ साली नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचं ‘जुगाड इनोव्हेशन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. तेव्हापासून, आणि थोडं त्याआधीपासूनही, जुगाड म्हणजे आपल्या मातीतली प्रतिभा, पाश्चात्त्यांनी आपल्याकडून शिकावी अशी गोष्ट, असं मोठमोठ्या सभागृहांत सांगितलं जातं. ऐकणारे टाळ्या वाजवतात आणि आपल्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच नेतात. स्वतःच्या गाडीवर कुणी जुगाड करू देत नाही! जुगाड गरिबाच्या मशीनवर शोभून दिसतो, आणि मोडलेल्या दाताचं बिलही गरिबाच्याच नावाने फाटतं.

मग बाभळीचा चिमटा हा जुगाड नव्हे का? विचारा, अवश्य विचारा. हातात असलेल्या वस्तूंतून केलेला होता, स्वस्त होता, पुस्तकात नव्हता. पण तो करण्याआधी आटे कुठल्या दिशेचे, जोर कुठून कुठे जातो, काय मोडू शकतं, एवढं ठाऊक होतं. हे ठाऊक असलं की माणूस बाभूळही वापरतो आणि पट्टाही. ठाऊक नसलं की वेल्डिंग करतो. दोन्हींना एकच नाव देऊन कौतुक करणारे लोक कारागिराचा अपमान करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ठाऊक नसण्याचा दोष मी त्या पाच जणांना देणार नाही. त्यांतल्या एकाने आयटीआयचा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला होता. फेसिंग, टर्निंग, टेपर, आटे, सगळं येत होतं. चक किती वेळा उतरवलास विचारलं तर म्हणाला, "सरांनी लावूनच ठेवलेला असायचा." नवा चक धरायला शिकवतात, अडकलेला सोडवायला नाही. खेड्यात आयुष्यभर जुन्याच मशीनवर काम करायचं असतं, पण शिकताना ते मशीन कायम धडधाकट असल्याचं धरलं जातं. लेथ कारखान्यातून निघतो तेव्हा त्याचं माहितीपुस्तक स्टोअरच्या कपाटात राहतं आणि पुढे रद्दीत जातं. ‘मागच्या प्लेटला दोन ग्रब स्क्रू आहेत’ ही एक ओळ मशीनबरोबर आली असती तर दोन दात वाचले असते. आणि ती ओळ मराठीत लिहून द्यायला कुणालाही जड नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, आणि १९२० सालापासून तिथूनच मराठी मासिकही निघू लागलं. म्हणजे यंत्र आणि मराठी यांची सोयरीक आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच जमली होती, ती पुढे का मोडली?

म्हणून जुना लेथ घ्यायला जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पोपटी रंग बघू नका. व्यापाऱ्याला म्हणा, हा चक आमच्यासमोर उतरवून दाखवा. उतरला तर आटे बोटाने चाचपा, हेडस्टॉकचं झाकण उघडून एक एक दात मोजा, गिअर लावून स्पिंडल हाताने फिरवून बघा. "गावाला नेऊन काढा, दोन घण घातले की येतो," असं तो म्हणाला, तर मोडणाऱ्या गिअरची किंमत तिथल्या तिथे व्यवहारातून कापून घ्या. चौसाळ्याच्या मालकांनी मोडलेल्या दोन दातांच्या जागी पितळेचा भराव घालून दात कोरून घेतले आहेत. हलक्या कामाला चालतात. ट्रॉलीच्या जाड पिनांचे आटे अजून बीडला जातात.